घरात मुलं असतील तर कोणती स्ट्रीमिंग सेवा घ्यावी

सेवा निवडताना बहुतेक जण आधी विचारतात, कुठे काय काय बघायला मिळतं? मुलं असलेल्या घरात हा प्रश्न जरा मागे ठेवावा. चार वर्षांचं मूल एकच मालिका, आणि तिचेही ठरावीकच भाग, महिनोन्महिने बघत राहतं. हजारो कार्यक्रमांचा साठा त्याच्या काही कामाचा नसतो. घरातली शांतता अवलंबून असते ती वेगळ्याच तीन गोष्टींवर: मुलाच्या प्रोफाइलमधून मोठ्यांच्या प्रोफाइलमध्ये शिरणं किती सोपं आहे, एक भाग संपल्यावर पडद्यावर आपोआप काय सुरू होतं, आणि नको असलेला एखादाच कार्यक्रम नेमका वगळता येतो का. नेटफ्लिक्स, डिस्नी प्लस, प्राइम व्हिडिओ, ॲपल टीव्ही आणि यूट्यूब किड्स या पाच सेवा या बाबतीत एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत.

निष्कर्ष आधीच सांगतो. मुलं वेगवेगळ्या वयांची असतील तर नेटफ्लिक्स घ्या, कारण प्रत्येक प्रोफाइलवर इतकं बारीक नियंत्रण इतर कुठे मिळत नाही. सगळी मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर डिस्नी प्लस जास्त सोयीचं. प्राइम व्हिडिओ दुसरी सेवा म्हणून चालेल, मुलांसाठी एकमेव म्हणून नको. यूट्यूब किड्स वापरायचंच असेल तर ते एकाच पद्धतीने वापरावं. ती पद्धत पुढे दिली आहे.

कुलूप कुठे लावायचं

नेटफ्लिक्सच्या एका खात्यात ५ प्रोफाइल होतात, डिस्नी प्लसमध्ये ७, प्राइम व्हिडिओत ६. आकडा पुरेसा आहे, पण कुलूप लावताना नेहमी एक चूक होते: पालक मुलाच्या प्रोफाइलची सेटिंग नीट करतात आणि स्वतःचं प्रोफाइल उघडं ठेवतात. मुलाच्या प्रोफाइलला पिन लागत नाही. पिन लागतो तो मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला, पाहुण्यांसाठी कधीतरी बनवून विसरून गेलेल्या प्रोफाइललासुद्धा. नेटफ्लिक्समध्ये हा पिन चार आकडी असतो. तो ठरवताना तिथेच आणखी एक पर्याय दिसतो: नवं प्रोफाइल बनवायलाही हाच पिन मागायचा. त्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर आठ वर्षांचं मूल स्वतःसाठी नवं, कसलंही बंधन नसलेलं प्रोफाइल दोन मिनिटांत बनवतं. डिस्नी प्लसमध्येही नवं प्रोफाइल बनवताना खात्याचा पासवर्ड मागण्याची सोय आहे, पण ती तुम्हाला चालू करावी लागते.

डिस्नी प्लसची लहान मुलांसाठीची खास सोय म्हणजे ज्युनियर मोड आणि त्यातून बाहेर पडण्याचं कोडं. बाहेर पडायचं तर पडद्यावर अक्षरांत लिहिलेले अंक वाचून ते आकड्यांत टाकावे लागतात. ज्याला अजून वाचता येत नाही असं मूल तिथेच अडतं, आणि पालकांना पिन लक्षात ठेवावा लागत नाही. मात्र मूल वाचू लागलं की हे कोडं निरुपयोगी होतं. तेव्हापासून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन हवाच. यूट्यूब किड्सचं दारही असंच आहे: पालकांच्या सेटिंगमध्ये जायला एक गुणाकार सोडवावा लागतो. पाढे पाठ असलेल्या मुलाला ते दार उघडंच. त्या जागी स्वतःचा पासकोड घालता येतो, तो पहिल्याच दिवशी घाला.

पिन टाकताना मूल बहुतेक वेळा शेजारीच बसलेलं असतं आणि रिमोटवरची बोटं बघत असतं. म्हणून फोनचा किंवा बँकेचा पिन इथे वापरू नका, आणि अधूनमधून तो बदलत राहा.

डिस्नी प्लसबद्दल आणखी एक खुलासा. काही देशांत डिस्नीचे कार्यक्रम दुसऱ्या नावाच्या स्थानिक ॲपमधून मिळतात. तिथे ज्युनियर मोड, बाहेर पडण्याचं कोडं, प्रोफाइलची संख्या हे सगळं असंच असेल असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी त्या ॲपचं मदतपान उघडून प्रोफाइलबद्दलचा भाग वाचून घ्या.

भाग संपल्यावर काय होतं

रोजची रडारड सुरू होते ती याच क्षणी. भाग संपतो, पाच-दहा सेकंदांची उलटी मोजणी होते आणि पुढचा भाग लागतो. “एवढा झाला की बंद” असं ठरलेलं असलं तरी ‘एवढा’ संपला हे मुलाला कळतच नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पुढची गोष्ट आधीच सुरू झालेली असते. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद केलं की भागाला शेवट मिळतो, आणि त्या शेवटाला टीव्ही बंद करणं मधेच बंद करण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. माझ्या मते मुलांच्या प्रोफाइलमधली सगळ्यात महत्त्वाची सेटिंग हीच.

नेटफ्लिक्समध्ये यासाठी दोन वेगळी बटणं आहेत: एक पुढचा भाग आपोआप लावण्यासाठी, दुसरं कार्यक्रमांच्या यादीवर थांबल्यावर झलक सुरू होण्यासाठी. मुलाच्या प्रोफाइलसाठी दोन्ही बंद करा. पालक अडतात ते याच टप्प्यावर, कारण ही सेटिंग ते टीव्हीवरच्या ॲपमध्ये शोधत बसतात. ब्राउझरमध्ये खातं उघडा, मुलाचं प्रोफाइल निवडा, प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये जा आणि बदल जतन करा. टीव्हीवर लगेच फरक दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत या, म्हणजे नवी सेटिंग टीव्हीवर येते. ही सेटिंग प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या प्रोफाइलवर तुमची मालिका पूर्वीसारखीच सलग चालेल.

डिस्नी प्लस आणि प्राइम व्हिडिओमध्येही पुढचा भाग आपोआप लागणं बंद करता येतं. मात्र दिवसाला किती वेळ बघायचं याची मर्यादा या तिन्ही सेवांच्या प्रोफाइलमध्ये घालता येत नाही. यूट्यूब किड्समध्ये ॲपमध्येच टायमर आहे, वेळ संपली की ॲप बंद होतं. बाकीच्यांसाठी मर्यादा यंत्रावर घालावी लागते: आयपॅड किंवा आयफोनवर स्क्रीन टाइम, अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, गूगल टीव्ही असेल तर त्यातलं मुलांचं प्रोफाइल, ज्यात रोजची वेळ आणि झोपेची वेळ दोन्ही ठरवता येतात. किती वेळ असावा याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं अशी: एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा बघायला लावूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच.

वयोगटाच्या शिक्क्यावर कितपत विसंबावं

प्रत्येक देशाची वयोगट ठरवण्याची पद्धत वेगळी असते आणि सेवा त्या त्या देशाप्रमाणे शिक्के दाखवते. हे शिक्के मुख्यतः हिंसा, भाषा, नग्नता, व्यसनं यांवर ठरतात. लहान मुलाला भीती मात्र वेगळ्याच गोष्टींची वाटते: आई हरवणं, अंधारातून येणारा आवाज, प्राण्याचा मृत्यू, अचानक बदलणारा चेहरा. सर्वांसाठी योग्य असा शिक्का असलेल्या सिनेमातही हे सगळं असू शकतं. म्हणून शिक्क्याची मर्यादा ही नुसती गाळणी समजावी, तिच्यातून जे सुटतं ते हाताने काढावं लागतं.

इथे नेटफ्लिक्स स्पष्टपणे पुढे आहे. प्रोफाइलच्या पाहण्यासंबंधीच्या निर्बंधांत जाऊन कार्यक्रमाचं नाव टाइप केलं की तो त्या प्रोफाइलमधून पूर्ण नाहीसा होतो. शोधूनही सापडत नाही. किंचाळणारी पात्रं असलेली एखादी मालिका, सहा महिने रोज चाललेला एकच सिनेमा, किंवा बघितल्यावर मूल उद्धटपणा उचलतं असं तुम्हाला वाटणारा एखादा कार्यक्रम, असं काहीही काढून टाकता येतं. बंद केलेला कार्यक्रम पुन्हा चालू करणंही तितकंच सोपं.

नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी वेगळा विचार करावा लागतो. या वयात मुलांना किड्स प्रोफाइलची रंगीबेरंगी चित्रं बाळबोध वाटू लागतात आणि ती मोठ्यांच्या प्रोफाइलकडे वळतात. त्यांच्यासाठी किड्स प्रोफाइलऐवजी साधं प्रोफाइल बनवून त्यावर वयाची मर्यादा घाला. दिसायला मोठ्यांसारखं, आत मर्यादित. भावंडं असतील तर प्रत्येकाचं प्रोफाइल स्वतंत्र ठेवा. एकाच प्रोफाइलवर चार वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल बघत असेल तर शिफारशी अकरा वर्षांच्या मुलाच्या आवडीकडे सरकतात आणि धाकट्याच्या समोर नको ती चित्रं येतात.

जाहिरातींची स्वस्त योजना घेणार असाल तर साधं प्रोफाइल देण्याचा आणखी एक परिणाम लक्षात घ्या. नेटफ्लिक्स किड्स प्रोफाइलवर जाहिराती दाखवत नाही. साध्या प्रोफाइलवर मात्र, वयाची मर्यादा घातलेली असली तरी, जाहिराती येतात. म्हणजे धाकट्या मुलांसाठी स्वस्त योजना अगदी योग्य, मोठ्या मुलांसाठी तितकी नाही.

ॲपच्या बाहेरची गळती

ॲपमध्ये सगळं बंदोबस्ताने केलं तरी टीव्हीचा मुख्य पडदा वेगळाच असतो. गूगल टीव्ही, फायर टीव्ही आणि स्मार्ट टीव्हींचे स्वतःचे मुख्य पडदे वेगवेगळ्या सेवांमधल्या सिनेमांची मोठी चित्रं दाखवतात, त्यांत भयपटांचीही असतात. तिथे तुमच्या किड्स प्रोफाइलचा काही संबंध नसतो. आवाजाने शोधण्याचं बटण तर याहून घातक, कारण वाचता-लिहिता न येणारं मूलही ते सहज वापरतं. उपाय टीव्हीच्याच सेटिंगमध्ये आहे: मुलांचं वेगळं प्रोफाइल किंवा पालक-नियंत्रणाचा पिन. मुख्य पडद्यावर फक्त ॲप दिसतील, शिफारशी नाहीत, असा पर्याय गूगल टीव्हीत आहे. मुलांच्या घरात तो चालूच ठेवावा.

दुसरी गळती फोनवरून टीव्हीवर टाकण्याची. बऱ्याच सेवांमध्ये घरातल्या वायफायवर असलेल्या कुणाच्याही फोनवरून व्हिडिओ टीव्हीवर लावता येतो आणि तो त्या फोनच्या प्रोफाइलने चालतो. टीव्हीवर आधी मुलाचं प्रोफाइल उघडं होतं याने काही फरक पडत नाही.

प्राइम व्हिडिओमध्ये तिसरी भानगड आहे. पाहण्यावरचे निर्बंध लावताना ते कोणत्या यंत्रांना लागू करायचे हे निवडावं लागतं, आणि ॲमेझॉनच्या स्वतःच्या काही यंत्रांवर निर्बंध त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये वेगळे लावावे लागतात. फोनवर लावले म्हणून टीव्हीवर लागले असं होत नाही. शिवाय वर्गणीत मिळणारे सिनेमे आणि वेगळे पैसे देऊन भाड्याने किंवा विकत घ्यायचे सिनेमे तिथे शेजारी शेजारी दिसतात. खरेदीसाठी पिन चालू केला नसेल तर रिमोटच्या दोन दाबांत पैसे जाऊ शकतात. प्राइमला एकमेव सेवा म्हणून घेऊ नका असं म्हणायचं मुख्य कारण हेच. कार्यक्रम चांगले आहेत, पण कुलपं विखुरलेली आहेत.

ॲपल टीव्हीचा साठा लहान आहे, पण मुलांसाठीच्या मालिका जपून बनवलेल्या आणि मधे जाहिराती नाहीत. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये, म्हणजे कुटुंबाने एकच वर्गणी वाटून वापरण्याच्या सोयीत, एकूण ६ जणांना ती वापरता येते. नियंत्रण मुख्यतः यंत्राच्या सेटिंगमधून होतं, म्हणून घरात आधीच ॲपलची यंत्रं असतील तर सोपं, नसतील तर खटपटीचं.

यूट्यूब किड्स

२०१५ मध्ये आलेलं हे ॲप फुकट आहे आणि त्याचा साठा अफाट आहे. अडचण साठ्याचीच आहे. इतर सेवांमध्ये प्रत्येक कार्यक्रम कुणीतरी विकत घेऊन किंवा बनवून ठेवलेला असतो. इथे कोट्यवधी व्हिडिओंतून मुख्यतः यंत्रच गाळणी लावतं. २०१७ मध्ये ओळखीच्या कार्टून पात्रांचा वापर करून बनवलेले भयानक आणि विकृत व्हिडिओ या गाळणीतून मुलांपर्यंत पोचल्याचं उघड झालं होतं. त्यानंतर नियम बरेच कडक झाले, पण पद्धत तीच राहिली.

म्हणून चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा या तयार वयोगटांपैकी एखादा निवडण्याऐवजी ‘फक्त पालकांनी मंजूर केलेले’ हा पर्याय निवडा. त्यात शोधणं आपोआप बंद होतं आणि तुम्ही निवडलेले व्हिडिओ, वाहिन्या किंवा संग्रह एवढंच मुलाला दिसतं. वाहिनी मंजूर करताना जपून: वाहिनी मंजूर केली की तिचे पुढे येणारे व्हिडिओही आपोआप मंजूर होतात. एकेक व्हिडिओ निवडायला सुरुवातीला तासभर जातो. तो वेळ द्यायचा नसेल तर हे ॲप घरात नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाषा, योजना आणि डेटा

ज्या मुलाला सबटायटल वाचता येत नाहीत त्याच्यासाठी तुमच्या भाषेतला ध्वनी नसलेला कार्यक्रम नसल्यासारखाच. सेवेच्या जाहिरातीत एखादी भाषा आहे म्हणजे प्रत्येक मालिका त्या भाषेत आहे असं नाही. कधी पहिल्या पर्वाला डबिंग असतं आणि दुसऱ्याला नसतं. मुलाच्या आवडीच्या पाच-सहा मालिका उघडून ध्वनीची यादी तपासा. नेटफ्लिक्स टीव्हीवर सगळ्या भाषा दाखवत नाही, तुमचं ठिकाण आणि प्रोफाइलची भाषा बघून मोजक्याच दाखवतं. हवी ती भाषा दिसत नसेल तर मुलाच्या प्रोफाइलची भाषा बदलून पुन्हा बघा, बऱ्याचदा ती तिथेच असते.

महागडी योजना चित्राच्या स्पष्टतेसाठी घेऊ नका. कार्टून बघणाऱ्या मुलाला फोर-केचा काही उपयोग नाही. उपयोग असतो तो एकाच वेळी किती पडदे चालतात याचा. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड योजनेत २, प्रीमियममध्ये ४. स्टँडर्डमध्ये दोन मुलं दोन टॅबलेटवर आणि तुम्ही टीव्हीवर असाल तर तिसऱ्याला अडवणारा संदेश येणार. डेटा मोजूनमापून वापरावा लागत असेल तर मुलाच्या प्रोफाइलवर डेटाचा वापर मध्यम ठेवा. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने मध्यमला ताशी सुमारे ०.७ जीबी लागतात, उच्चला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस इंटरनेट वेग पुरतो. एवढा वेग असूनही टीव्ही अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा वायफायचा असतो, सेवेचा नव्हे.

प्रवासासाठी डाउनलोड केलेले भाग निघण्याच्या आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून एकदा चालवून बघा. काही कार्यक्रमांची मुदत पहिल्यांदा सुरू केल्यापासून ४८ तासच असते, त्यामुळे तपासताना एखादाच भाग चालवा, सगळे नाही. डिस्नी प्लसचे डाउनलोड चालू ठेवायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं.

मुलं आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या घरी राहत असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. २०२३ पासून नेटफ्लिक्स एक खातं एकाच घरापुरतं धरतं. दुसऱ्या घरातल्या टीव्हीवर ते अडू शकतं, किंवा वेगळा सदस्य जोडायला जास्त पैसे पडतात.

पहिला महिना

वार्षिक वर्गणी स्वस्त दिसली तरी पहिल्यांदा एकाच महिन्याची घ्या. मुलांचे कार्यक्रम एका सेवेतून दुसरीकडे जातात, कधी नुसतेच काढले जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने सेसमी स्ट्रीट या मुलांच्या मालिकेचे सुमारे २०० भाग असेच काढून टाकले. ज्या एका मालिकेसाठी सेवा घेतली तीच गेली तर वर्षाचे पैसे अडकतात.

सगळी सेटिंग झाली की मुलाच्या हातात रिमोट देण्याआधी स्वतः मुलाच्या प्रोफाइलमध्ये बसा. शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाकून काय सुचवलं जातं ते बघा. एक भाग शेवटापर्यंत पळवा आणि पुढे काय होतं ते बघा. बाहेर पडण्याचा प्रयत्न करा, नवं प्रोफाइल बनवण्याचा प्रयत्न करा, आवाजाने एखाद्या भयपटाचं नाव विचारा. मग हेच सगळं घरातल्या प्रत्येक यंत्रावर करा, कारण जुन्या टीव्हीतलं ॲप फोनवरच्या ॲपसारखंच वागेल याची खात्री नसते. महिन्याअखेर पाहण्याचा इतिहास उघडा. मुलाने प्रत्यक्षात काय बघितलं हे तिथून कळतं, आणि वर्गणी पुढे न्यायची की नाही हे त्यावरून ठरवा.

बंद करायची असेल तर जिथून घेतली तिथूनच ती बंद होते. फोनच्या ॲप स्टोअरमधून पैसे भरले असतील तर स्टोअरच्या वर्गणींच्या यादीतून, मोबाइल किंवा इंटरनेट कंपनीच्या योजनेतून मिळाली असेल तर त्या कंपनीकडून. नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे कापले जात राहतात. बंद केल्याची ईमेल आली की ती जपून ठेवा. भरलेला महिना संपेपर्यंत सेवा बहुतेक ठिकाणी चालूच राहते, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट न बघता आधीच बंद केलेलं बरं.